यंग्सटाउनचा काळा सोमवार आणि अमेरिकेतली आजची लोकशाही

रानजाई

मी ईशान्य ओहायोत राहते. फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली नऊ वर्षं पेशंटच्या घरी जाऊन उपचार करते. गुडघे बदललेले, पक्षाघातातून सावरणारे, मणके झिजलेले असे माझे पेशंट. त्यातले बरेच जण एकेकाळचे पोलाद कामगार. पाऊण तास व्यायाम करून घेताना माणूस बोलतोच, त्यामुळे या भागाचा इतिहास मी बहुतेक लोकांच्या बैठकीच्या खोलीतच ऐकला.

भारतातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर निवडणुकीनंतर एकच प्रश्न येतो. अमेरिकेतले कामगार अब्जाधीशांना मतं का देतात, यांना आपलं हित कळत नाही का? हा प्रश्न वाचला की मला माझे एक आजोबा आठवतात (पेशंटच, पण मी मनात त्यांना आजोबाच म्हणते). वय बहात्तर. म्हणून हा धागा.

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. त्या दिवशी इथल्या यंग्सटाउन शहरातल्या यंग्सटाउन शीट अँड ट्यूब या पोलाद कंपनीनं कॅम्पबेल वर्क्स हा आपला मोठा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. पाच हजार माणसांची नोकरी गेली. इथे आजही त्या दिवसाला ब्लॅक मंडे म्हणतात, आणि तारीख सांगावी लागत नाही. आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बातमी त्यांना फोरमनकडून कळली नाही, गाडीतल्या रेडिओवर कळली.

ही कंपनी मुळात गावाचीच होती. १९६९ मध्ये ती न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स नावाच्या जहाज कंपनीनं घेतली. त्यानंतर कारखान्यातला पैसा बाहेर जात राहिला आणि भट्ट्या मात्र जुन्याच राहिल्या. जपानी पोलाद स्वस्त पडत होतं हे खरं, पण आजोबांचा राग जपानवर नाही. ते म्हणतात, "गाय आटेपर्यंत पिळली आणि मग म्हणाले, गाय भाकड आहे."

पुढे जे झालं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गावातली चर्चं, सिनेगॉग आणि कामगार एकत्र आले. कारखाना आपणच विकत घेऊन चालवू असं त्यांनी ठरवलं. 'सेव्ह अवर व्हॅली' या नावाची खाती बँकांतून उघडली गेली आणि लोकांनी आपली बचत त्यांत ठेवली. वॉशिंग्टनकडे कर्जाची हमी मागितली. १९७९ मध्ये कार्टर सरकारनं ती नाकारली. डेमोक्रॅटिक सरकार, डेमोक्रॅटिक गाव, आणि उत्तर नाही. मग यू. एस. स्टीलचे कारखाने बंद झाले, नंतर बाकीचे. १९३० साली या शहरात १ लाख ७० हजार माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ६० हजार भरली.

आजोबांचं म्हणणं जसं मला समजलं तसं लिहिते. कारखाना होता तेव्हा त्यांच्यासारख्या साध्या माणसाचा शब्द पोचायच्या तीन जागा होत्या. एक युनियनचा हॉल. दोन, गावाचं वर्तमानपत्र 'व्हिंडिकेटर', ज्याचा बातमीदार नगरपालिकेच्या सभेत बसलेला असे. तीन, पक्षाचा गल्लीतला कार्यकर्ता, जो शेजारीच राहायचा आणि ज्याला रात्री दार वाजवून जाब विचारता यायचा. युनियन कारखान्याबरोबर गेली. कार्यकर्ता मेला आणि त्याच्या जागी टीव्हीवरच्या जाहिराती आल्या. 'व्हिंडिकेटर' दीडशे वर्षं चालून ३१ ऑगस्ट २०१९ ला बंद झाला. (आता शेजारच्या वॉरेन गावचं वर्तमानपत्र त्या नावानं आवृत्ती काढतं, पण यंग्सटाउनचं स्वतःचं असं कार्यालय गेलं ते गेलंच.)

आता आजोबांकडे उरलं एक मत. यंग्सटाउनचा जिल्हा म्हणजे माहोनिंग काउंटी. तिनं २०१२ मध्ये ओबामांना भरभरून मतं दिली, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन इथे जेमतेम पुढे राहिल्या, आणि २०२० मध्ये इथे ट्रम्प जिंकले. १९७२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला ही काउंटी मिळाली. आजोबांनी तिन्ही वेळा वेगळा विचार करून मत दिलं आणि तिन्ही वेळा त्यांना एकच हवं होतं: कुणीतरी आपल्या गावाचं नाव घेऊन बोलावं.

माझं म्हणणं असं. अमेरिकेत विषमता वाढली म्हणजे काहींकडे विमानं आली आणि काहींकडे घराचे हप्ते थकले, एवढ्यावर ते थांबलं नाही. बिनपैशाच्या माणसाचा आवाज ज्या जागांमधून वर जायचा त्या जागाच मोडल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागांवर पैसा येऊन बसला. तुम्हाला काय वाटतं?

गिरणगावकर

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी धड जाहीरही केलं नाही. तुमच्याकडे मालकानं टाळं लावलं, आमच्याकडे संपानंतर टाळी लागत गेली, एवढा फरक. बाकी तेच. जिथे भोंगा व्हायचा तिथे आता टॉवर आहेत, आणि त्या टॉवरचा वॉचमन कोकणातल्या जुन्या गिरणी कामगाराचा नातू असतो.

वडिलांचा नंबराचा बिल्ला अजून आईच्या ट्रंकेत आहे. त्या आजोबांकडे असं काही आहे का? आणि त्यांना पेन्शन मिळाली का? आमच्याकडे घरासाठी लॉटरी निघते, तीही माणूस गेल्यावर वारसाच्या नावावर.

पुरंदर_एनजे

लेख चांगला आहे, तळमळ पोचली. पण निष्कर्ष पटला नाही. मी न्यू जर्सीत छोटा व्यवसाय करतो, बारा माणसं कामाला आहेत.

पहिली गोष्ट, अमेरिकेतल्या मधल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८० हजार डॉलरच्या वर आहे. जगातल्या कुठल्याही मोठ्या देशाशी तुलना करून बघा. कुणाकडे विमान आहे म्हणून माझं जेवण कमी होत नाही. विषमता हा शब्द आपण मत्सराला चांगलं नाव म्हणून वापरत नाही ना, हे तपासायला हवं.

दुसरी गोष्ट, पैशानं निवडणूक विकत घेता येते असं सरसकट म्हणता येत नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या मोहिमेनं १०० कोटी डॉलरहून जास्त गोळा केले आणि त्या हरल्या. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी स्वतः उतरून पैसा ओतला आणि त्यांचा उमेदवार दहाएक टक्क्यांनी पडला. लोक मूर्ख नाहीत. हे तर तुम्हीच म्हणताय.

कोरडवाहू

मी लातूरकडचा, अमेरिकेत कधी गेलेलो नाही. बाळबोध प्रश्न विचारतो. तिकडे उमेदवाराला देणगी देण्यावर मर्यादा आहे असं ऐकलं होतं. मग मस्क यांनी एवढा पैसा दिला कसा?

वकिली_चष्मा

@कोरडवाहू, प्रश्न बाळबोध नाही, सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे.

उमेदवाराच्या खात्यात थेट देणगी द्यायला मर्यादा आहे, माणशी काही हजार डॉलर. पण १९७६ च्या बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की निवडणुकीसाठी पैसा खर्च करणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे, त्यामुळे खर्चावर मर्यादा घालता येत नाही. २१ जानेवारी २०१० ला 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की कंपन्या आणि युनियननाही हा अधिकार आहे. अट एकच, खर्च उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे व्हायला हवा. यातून सुपर पॅक नावाच्या संस्था निघाल्या. त्यांना कितीही पैसा घेता येतो. मस्क यांनी २०२४ मध्ये २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला तो मुख्यतः याच वाटेनं. सुपर पॅकना निदान देणगीदाराचं नाव जाहीर करावं लागतं. समाजकल्याणाच्या नावाखाली नोंदवलेल्या काही ना-नफा संस्थांना तेही करावं लागत नाही. त्या पैशाला इथे डार्क मनी म्हणतात.

रानजाई, तुमच्या लेखातल्या कंपनीचं नाव वाचून मी दचकलो. अमेरिकेत कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ते नाव पाठ करतो. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप होणार म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी कारखाने सरकारी ताब्यात घेतले. 'यंग्सटाउन शीट अँड ट्यूब विरुद्ध सॉयर' या खटल्यात न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की काँग्रेसनं (म्हणजे इथल्या संसदेनं) अधिकार दिलेला नसताना राष्ट्राध्यक्षाला हे करता येणार नाही. त्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी निकालाशी सहमत होऊन स्वतःचं वेगळं मत लिहिलं. काँग्रेसच्या संमतीनं, काँग्रेस गप्प असताना आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध अशा तीन परिस्थितींत राष्ट्राध्यक्षाची ताकद कशी बदलते, ते त्यांनी मांडलं. आज राष्ट्राध्यक्षांच्या कुठल्याही आदेशाला आव्हान दिलं की वकील पहिल्यांदा तेच पान उघडतात.

म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हाताला लगाम घालणारा निकाल ज्या कंपनीच्या नावावर आहे, तिच्या कामगारांना पंचवीस वर्षांनी स्वतःचा कारखाना वाचवायला कुठलाच कायदा सापडला नाही. यंग्सटाउनच्या कामगारांनी यू. एस. स्टीलवर १९८० मध्ये खटला भरला होता. न्यायाधीश लँब्रोस यांनी सुनावणीत बोलून दाखवलं की इतकी वर्षं ज्या उद्योगाभोवती गाव उभं राहिलं त्यावर गावाचाही काही मालमत्तेसारखा हक्क असायला हवा. निकाल मात्र कामगारांच्या विरोधात दिला, कारण तसा हक्क कायद्यात कुठे लिहिलेलाच नव्हता.

अबोली_मिशिगन

लँब्रोस यांचं हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

रानजाई

सगळ्यांचे आभार. @पुरंदर_एनजे, तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला, म्हणून उशीर.

विस्कॉन्सिनचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ज्या निवडणुकीकडे सगळ्या देशाचं लक्ष असतं तिथे पैसा हरू शकतो. पैसा जिंकतो तो जिथे कुणी बघत नसतं तिथे. ओहायोतलंच सांगते, हे सगळं न्यायालयात सिद्ध झालेलं आहे.

अ‍ॅक्रनच्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या उपकंपनीची दोन अणुवीज केंद्रं तोट्यात होती. कंपनीनं 'जनरेशन नाऊ' नावाच्या ना-नफा संस्थेत पैसे घालायला सुरुवात केली. एकूण रक्कम ६ कोटी डॉलरच्या घरात गेली. (हाच तो वर सांगितलेला डार्क मनी.) ती संस्था प्रत्यक्षात लॅरी हाउसहोल्डर या आमदाराच्या ताब्यात होती. त्यानं तो पैसा २०१८ मध्ये राज्याच्या विधानसभेच्या उमेदवारांवर लावला. अशा मतदारसंघाच्या प्राथमिक निवडणुकीला (जिच्यात पक्षाचा उमेदवार ठरतो) मतदान किती होतं हो? थोड्या पैशात माणूस निवडून येतो. ही माणसं निवडून आली आणि त्यांनी हाउसहोल्डरला सभापती केलं. जुलै २०१९ मध्ये 'हाउस बिल ६' मंजूर झालं. त्या दोन केंद्रांसाठी वीज ग्राहकांच्या बिलातून १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम वसूल करायची, असा तो कायदा.

आता ऐका. ओहायोत असा कायदा सार्वमतानं रद्द करायची सोय आहे. अडीच लाखांवर सह्या हव्यात. लोक सह्या गोळा करायला रस्त्यावर उतरले. तेव्हा टीव्हीवर जाहिराती आल्या की सह्या करू नका, चीनचं सरकार आपली वीज ताब्यात घ्यायला बघतंय. सह्या गोळा करणाऱ्यांना अडवायला माणसं नेमली गेली. सह्या पुऱ्या झाल्या नाहीत. त्या जाहिराती मी स्वतः माझ्या पेशंटांच्या टीव्हीवर बघितल्या आणि मला खऱ्या वाटल्या होत्या, हे कबूल करते.

जुलै २०२० मध्ये हाउसहोल्डरला अटक झाली. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा निवडून आला, कारण मतपत्रिकेवर त्याच्यासमोर दुसरं कुठलं नावच छापलेलं नव्हतं. जून २०२१ मध्ये सभागृहानं त्याला काढून टाकलं, जुलैत कंपनीनं २३ कोटी डॉलरचा दंड मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. अणुकेंद्रांचं अनुदान २०२१ मध्ये रद्द झालं. म्हणजे यंत्रणा अगदी मेलेली नव्हती, एफबीआयनं काम केलं. पण मतदारानं हे आधीच थांबवायला हवं होतं. त्याला कोण सांगणार होतं? 'व्हिंडिकेटर' बंद पडला तो ऑगस्ट २०१९, म्हणजे सह्यांची मोहीम चालू असतानाच. त्याच दिवसांत हजारो लोकांचा रोजचा पेपर गेला आणि त्यांच्या टीव्हीवर चीनच्या जाहिराती आल्या. दोन्ही गोष्टी मी एकाच घरात बघितल्या आहेत.

मत्सराबद्दल. दुसऱ्याच्या विमानानं माझं जेवण कमी होत नाही, मान्य. पण फेडरल रिझर्व्हच्या आकड्यांनुसार वरच्या १ टक्का कुटुंबांकडे देशाच्या संपत्तीचा सुमारे ३० टक्के वाटा आहे आणि खालच्या ५० टक्क्यांकडे मिळून सुमारे अडीच टक्के. आमदाराला फोन कोणाचा जाणार, हे या दोन आकड्यांवरून ठरू लागलं की जेवणही कमी होतं. देशपातळीवरचं किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. तेव्हापासून एक सेंटही वाढलेलं नाही. ओहायोत ते जास्त आहे, कारण २००६ मध्ये मतदारांनी सार्वमतानं राज्यघटनेत दुरुस्ती करून ते महागाईशी जोडलं. २०२५ मध्ये ते १० डॉलर ७० सेंट होतं. जिथे लोकांना थेट विचारलं तिथे वाढलं, जिथे प्रतिनिधींवर सोडलं तिथे सोळा वर्षं गोठलं.

@गिरणगावकर, पेन्शनचा काही भाग त्यांना मिळतो. १९७४ च्या कायद्यानं बुडालेल्या कंपन्यांच्या पेन्शनसाठी सरकारी हमी महामंडळ आहे. चोविसाव्या वर्षी नोकरी गेलेल्याच्या वाट्याला त्यातून काय येणार? बिल्ल्याबद्दल विचारते.

पुरंदर_एनजे

एवढं तपशिलात माहीत नव्हतं. किमान वेतनाबद्दल माझं मत वेगळं आहे, माझ्याकडे सगळ्यांना त्याहून कितीतरी जास्त मिळतं आणि ते बाजारानं दिलंय. पण वीज कंपनीचं प्रकरण म्हणजे बाजार नव्हे, हे मान्य करतो. ही तर लूट आहे.

अबोली_मिशिगन

पैशाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातलं बोलू या. बरेच मराठी लोक इथे बोलायला कचरतात.

श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, अत्यंत गरिबीतून वर आलेला मराठी माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये डेट्रॉइटचा प्रतिनिधी म्हणून बसतो, याचा मला अभिमान आहे. २०२२ ला निकाल लागला तेव्हा आमच्या मंडळात पेढे वाटले. पण त्याआधी २०१८ मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी प्राथमिक निवडणूक लढवली तेव्हा स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरहून जास्त घातले होते. तेव्हा ते तिसरे आले. २०२२ मध्येही स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणात लावला, समोर अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं विभागली गेली, आणि जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइट शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहिला नाही. चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये गेले तेव्हापासूनची परंपरा होती ती.

त्यांनी काही बेकायदा केलेलं नाही. ते कामगारांच्या बाजूनं मतदान करतात. स्वतःचा पैसा असल्यामुळे मला देणगीदारांचं ऐकावं लागत नाही, असाही त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होऊ शकतो आणि तो हलका नाही. पण माझ्या दवाखान्यातली कृष्णवर्णीय नर्स, जी डेट्रॉइटमध्ये जन्मली आणि ज्या भागात शाळा-दिवे-बस सगळं जाताना तिनं बघितलं, ती निवडणूक लढवू शकत नाही. तिच्याकडे एक कोटी सोडा, प्रचारासाठी महिनाभर बिनपगारी राहण्याची ऐपत नाही. पेढा खाताना मला तिची आठवण आली होती, आणि तो घशाखाली उतरायला वेळ लागला.

मुळामुठा

धाग्यात एक गोष्ट राहतेय म्हणून लिहितो. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे.

कारखाने बंद झाले, लोक चिडले, म्हणून ट्रम्प, ही गोष्ट अर्धी आहे. नोकऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्याही गेल्या आणि त्यांची बचत मुळातच कमी होती. त्यांनी मात्र बहुसंख्येनं त्या बाजूला मत दिलं नाही. फक्त गरिबीनं मत ठरत असतं तर असं झालं नसतं.

पोलाद कारखान्यांत कृष्णवर्णीय कामगारांना वर्षानुवर्षं कोक भट्टीसारख्या सगळ्यांत धोक्याच्या आणि कमी पगाराच्या खात्यांत ठेवलं जायचं. बढती खात्याअंतर्गतच व्हायची, त्यामुळे बाहेर पडायचा रस्ता बंद. युनियनही यात सामील होती. १९७४ मध्ये मोठ्या पोलाद कंपन्या, युनियन आणि केंद्र सरकार यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली, तेव्हा ही दारं उघडली. १९७४ ला दारं उघडली आणि १९७७ ला कारखानाच बंद. रानजाईंच्या आजोबांनी घर गमावलं. त्यांच्या शेजारच्या खात्यातल्या माणसानं जे घर नुकतं दिसायला लागलं होतं ते गमावलं.

त्याच्याही मागे जावं लागतं. १९३५ चा सोशल सिक्युरिटीचा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना त्यांतून वगळलं होतं. दक्षिणेतले बहुतांश कृष्णवर्णीय तेच काम करत होते. म्हणजे ज्या काळाला आपण समतेचा सुवर्णकाळ म्हणतो, त्याच्या भिंतीतच ही फट होती. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. त्यानंतर चारच वर्षांत, १८७७ मध्ये, दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि मुक्त झालेल्यांचा मतदानाचा हक्क हळूहळू काढून घेतला गेला. तो परत मिळायला १९६५ उजाडलं. लोकशाहीवरचा ताण २०१६ ला सुरू झाला असं म्हणणाऱ्यांना ही नव्वद वर्षं दिसत नाहीत.

गिरणगावकर

मुळामुठा, बरोबर बोललात. आमच्या गिरण्यांतही हे होतं. साचेखात्यात दलित कामगाराला घेत नसत, कारण धागा तुटला की तो तोंडानं ओलावून जोडायचा असे. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या वेळी उघड मांडला होता. माझे वडील साचेखात्यात होते असं मी वर सहज लिहून गेलो. ते तिथे का होते आणि दुसरे का नव्हते, हा विचार आज पहिल्यांदा केला.

तळ्याकाठी

मी टेक्ससमध्ये चौदा वर्षं एच-वन-बीवर आहे. ग्रीन कार्डासाठी कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे आम्हा भारतीयांची रांग सरकतच नाही. कर भरतो, सोशल सिक्युरिटी भरतो, मुलगा इथला नागरिक आहे, मला मत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा शुक्रवारी झाली आणि भारतात गेलेले माझे दोन सहकारी रविवारच्या आत परत पोचायला विमानतळावर धावले. ते शुल्क जुन्या व्हिसाधारकांना नाही हे नंतर स्पष्ट झालं.

यंग्सटाउनचे आजोबा आणि मी, दोघांनाही एकच सांगितलं जातं. त्यांना सांगतात की तुमची नोकरी यानं खाल्ली. मला सांगतात की तुला हे बाहेर काढतील. आम्ही दोघं एकमेकांना कधी भेटलेलोच नाही. रानजाई, तुम्ही भेटता. ते तुमच्याशी कसे वागतात, हे खरं खरं सांगाल का?

रानजाई

@तळ्याकाठी, खरं सांगते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, अमेरिकन मुलगी नव्हती का पाठवायला. मी म्हटलं, आजपुरतं माझ्याकडूनच करून घ्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बिल्ला दाखवला. @गिरणगावकर, आहे त्यांच्याकडे. कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला, कडा झिजलेला. तुमच्या आईच्या ट्रंकेचं मी त्यांना सांगितलं. मुंबईत कापडाच्या गिरण्या होत्या आणि त्याही पाच-सहा वर्षांच्या अंतरानं अशाच गेल्या, हे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "त्यांनी तरी विकत घ्यायचा प्रयत्न केला होता का?"

@मुळामुठा, तुमचा प्रतिसाद मी परत परत वाचला. मी लिहिलेल्या तीन जागा, म्हणजे युनियन हॉल, पेपर आणि पक्ष, त्या सगळ्यांसाठी सारख्या उघड्या नव्हत्याच. त्यात हेही घालते की याच गावाचे खासदार जेम्स ट्रॅफिकंट लाचखोरीत दोषी ठरले आणि २००२ मध्ये त्यांना सभागृहातून काढलं. जुना काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नव्हतं. जागा होत्या आणि त्या आणखी लोकांसाठी उघडायच्या ऐवजी बंद झाल्या, असं म्हणायला हवं होतं.

जवळच्याच लॉर्ड्सटाउनमध्ये जनरल मोटर्सचा कारखाना मार्च २०१९ ला बंद झाला. त्याच्या शेजारी विजेवरच्या गाड्यांसाठी बॅटरीचा कारखाना आला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या कामगारांनी युनियनसाठी मतदान केलं: ७१० बाजूनं, १६ विरोधात. माझ्या एका पेशंटची नात तिथे आहे. २०२३ च्या वाहन कामगारांच्या संपानंतर बॅटरी कामगारही मुख्य करारात आले आणि तिचा पगार वाढला. कुठली तरी जागा परत उघडली.

आणि एक गोष्ट, जी सांगण्यासाठी खरं तर हा धागा काढला होता आणि जी राहूनच गेली.

ऑगस्ट २०२३ मध्ये ओहायोत एक वेगळं सार्वमत झालं. राज्यघटनेत दुरुस्ती करायला साधं बहुमत पुरायचं, ते ६० टक्के करावं आणि सह्या सगळ्या ८८ काउंट्यांमधून आणाव्यात, असा प्रस्ताव होता. म्हणजे ज्या वाटेनं किमान वेतन वाढलं ती वाट अरुंद करायची. मी २०१९ ला नागरिक झाले. या वेळी पहिल्यांदाच कुणाला तरी बरोबर घेऊन मतदानाला गेले. आजोबांच्या मुलीला सुट्टी नव्हती, त्यांनी मला विचारलं, मी माझ्या सुट्टीच्या दिवशी त्यांना गाडीतून घेऊन गेले. त्यांनी कुठे मत दिलं ते मी विचारलं नाही. गाडीत बसताना त्यांनीच सांगितलं की नाही म्हणून आलो. मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्यांनी कारखाना नेला तेव्हा मला विचारलं नव्हतं. हे एक तरी विचारतायत, तेही काढून घ्यायला विचारतायत."

५७ टक्के लोकांनी प्रस्ताव फेटाळला. आजोबांनी २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांनाच मत दिलं, तेही त्यांनीच सांगितलं. पुढच्या मंगळवारी त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. वॉकर मी आधीच नेऊन ठेवलाय.